एक इंच खाली पाडलेली चार भोकं

मी, श्रीमती छबूबाई गहिनीनाथ दहिफळे, वय ७१ वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार कोल्हार, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर, आज हा कागद स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालील असा माणूस या पंचक्रोशीत उरलेलाही नाही.

माझे डोके ठिकाणावर आहे याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजची तारीख विचारली, नातवंडांची नावे विचारली, शंभरातून सात वजा करायला लावले. मी सगळे बरोबर सांगितले आणि वर त्यांना सांगितले की तुमच्या मोटारीचा पुढचा डावा शॉकॲब्सॉर्बर गेलेला आहे, मघाशी तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा ऐकला. त्यांनी लगेच सही केली.

वकीलसाहेबांनी टाईप करून आणलेला मसुदा दीड पानाचा होता. तो मी परत केला, कारण त्यात खालचे पाचवे, सहावे आणि सातवे कलम नव्हते. ते म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात मिळकत लिहायची असते, भांडणं नाही." मी म्हणाले, "साहेब, माझी निम्मी मिळकत तीच हाय." तेव्हा त्यांनी मला कोरे कागद दिले आणि सांगितले की मग तुम्हीच लिहा. लिहिते आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या अंगठ्याचा कागद कोणी पुढे आणला तर तो खोटा समजावा. मी सातवी पास आहे, मला सही येते.

कलम १. माझे वारस दोन. मुलगा अमृत, वय ४८, पुण्याला कंपनीत नोकरीस. मुलगी अश्विनी, वय ४५, एस.टी.च्या आगारात मेकॅनिक. दोघांचे वडील कै. गहिनीनाथ दहिफळे हे दिनांक २३ फेब्रुवारी १९९९ रोजी गेले. त्यांच्यामागे घर आणि गॅरेज यांची दोन्ही मुलांनी माझ्या नावे हक्कसोड केली, म्हणून या दोन्ही गोष्टी आज पूर्णपणे माझ्या आहेत आणि त्यांचे काय करायचे ते मीच ठरवणार.

कलम २. नगर-मनमाड रस्त्यालगतचे तीन खोल्यांचे घर अमृतला द्यावे. बँकेत जे काही निघेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. कानातली फुले सूनबाई पूजा हिला. पाटल्या तिने शोधू नयेत. त्या २००७ साली मोडून पाचव्या कलमातल्या मोटारीच्या पुढच्या दोन चाकांच्या डिस्क ब्रेकमध्ये गेल्या आणि तिथे त्या माझ्या हातापेक्षा जास्त उपयोगी पडल्या.

कलम ३. गॅरेजचे शेड आणि खालची जागा अश्विनीला. या जागेवर माझे दीर मच्छिंद्र यांनी हॉटेल काढायचे ठरवले होते. यजमानांच्या दहाव्याला, लोक अजून जेवत होते, तेव्हा ते मला म्हणाले, "वैनी, गॅरेज आता बंद करा. बाईमानूस गाडीखाली झोपलं तर लोक काय म्हनतील?" मी म्हणाले, "लोकांना म्हनावं, जॅक धरा." त्यानंतर सव्वीस वर्षे ते माझ्या दारात आले नाहीत. त्यांना काहीही देऊ नये. दारात आले तर चहा मात्र द्यावा.

कलम ४. हत्यारे. सगळी अश्विनीला. पाने, टॉर्क पाना, वेल्डिंगचे मशीन आणि यजमानांची खाकी पँट, जी मी गाडीखाली झोपताना घालत आले. फक्त एक वस्तू कोणालाही देऊ नये. स्प्रिंग दाबायचा जो घरगुती प्रेस मी तयार केला, तो कटरने कापून भंगारात घालावा. २००४ साली त्याच्यातून गाडीची स्प्रिंग निसटली आणि माझ्या गळ्याजवळचे हाड मोडले. आता बाजारात चांगले प्रेस मिळतात. माझी आठवण म्हणून जीवघेणी वस्तू जपू नये.

हत्यारांशी माझी ओळख लग्नाआधीची आहे, हेही इथेच लिहून ठेवते, कारण पुष्कळांना वाटते की नवरा मेला म्हणून बाई मेकॅनिक झाली. माझे आईवडील पाथर्डी तालुक्यातले. दरवर्षी ऊसतोडीला इकडे यायचे. १९७३ साली आमच्या टायरगाडीच्या चाकाचे बेअरिंग गेले, बैल रस्त्यात उभे, म्हणून वडील मला घेऊन गहिनीनाथ यांच्या गॅरेजला आले. गहिनीनाथ पाने शोधत होते तोवर मी जुने बेअरिंग काढून, रॉकेलने धुऊन, नव्यात ग्रीस भरून ठेवले. ते वडिलांना म्हणाले, "मामा, पोरीला कुनी शिकवलं?" वडील म्हणाले, "दर साली मोडतंय, तिनं बघून घेतलं." पुढल्या वर्षी आमचे लग्न झाले. पंचवीस वर्षांत या माणसाने मला एकदाही 'हात काळे करू नको' असे म्हटले नाही.

कलम ५. मोटारीची हकीकत. ही मोटार अमेरिकन बनावटीची, १९६८ सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरची, रंग लाल. लोणीकडच्या एका बागायतदारांनी हौसेने मुंबईहून आणली होती. त्यांचे नाव लिहीत नाही, ते आता नाहीत आणि त्यांची मुले भली आहेत. गावात तिला 'अमेरिका' म्हणत. 'अमेरिका आली' म्हटले की पोरे रस्त्याला पळत. यजमान म्हणायचे, हिचे इंजिन हत्तीचे आहे आणि पुढचे पाय शेळीचे. सरळ रस्त्यावर तिच्यासारखी दुसरी नाही, पण वळण आले की तिला हळू घ्यायची.

फेब्रुवारी १९९९ मध्ये तिची पुढची डावी बाजू खडखडू लागली. बागायतदारांनी ती भागवत रंगनाथ निमसे यांना दाखवली. भागवत यांचे गॅरेज रस्त्याच्या पलीकडे, आमच्यासमोर. त्यांनी दुरुस्त करून दिली. चार दिवसांनी ब्रेकचे काम निघाले ते यजमानांकडे आले. २३ तारखेला दुपारी बाराच्या सुमारास यजमान ती लोणीहून घेऊन निघाले. पाटाच्या वळणावर पुढचे डावे चाक बाहेरच्या बाजूला आडवे पडले आणि मोटार पुलाच्या कठड्यावर गेली. यजमान जागेवरच गेले. वय ४९.

पंचनाम्यात लिहिले, 'भरधाव व हयगयीने'. गावाने त्यात दारूची भर घातली. ज्या माणसाने आयुष्यात सुपारी तोंडात घातली नाही, त्याच्याबद्दल चहाच्या टपरीवर बोलले गेले की असली गाडी हातात आल्यावर डोकं फिरलं असेल. माझी मुले हे ऐकत कॉलेजला गेली. बागायतदारांना मोटार डोळ्यांसमोर नको होती. "बाई, भंगारात घाल नाहीतर जाळ," म्हणाले आणि कागद माझ्या नावावर करून दिले. मी ती ट्रॅक्टरने ओढून माझ्या अंगणात आणली. सगळे म्हणाले, नवऱ्याला खाल्लेली गाडी बाईने दारात आणली.

तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिच्याखाली शिरले. चाकाला खालून धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो टोकाला तुटला होता. तुटला होता तो जुन्या तड्यावर मारलेल्या वेल्डिंगमधून. म्हणजे तडा आधीच गेलेला, आणि कोणीतरी तो आर्म बदलायच्या ऐवजी जोडून रंग मारून परत बसवलेला. माझ्या यजमानांची चूक नव्हती.

तो तुकडा घेऊन मी रस्ता ओलांडला. भागवतभाऊ जेवत होते.

मी म्हणाले, "हा वेल्ड तुमचा."

ते म्हणाले, "बाईमानसाला वेल्ड कळतो व्हय?"

"तुमचा कळतो. शेवटाला तुमचा हात डावीकडं वळतो. निम्म्या कोल्हारच्या फाटकांवर तसाच हाय."

त्यांनी ताट सारले आणि आत गेले. बाहेर आले नाहीत.

कलम ६. मी मोटार का दुरुस्त केली आणि कशी. सरकारी कागदावर एक शब्द लिहिला गेला की तो बाईच्या सांगण्याने पुसला जात नाही, हे मला दोन वर्षे खेटे घातल्यावर कळले. मग मी ठरवले की ही मोटार त्याच वळणावरून, त्याच रस्त्याने, वेगात नेऊन दाखवायची. ती मेलेली राहिली असती तर तिच्याबरोबर यजमानांवरचा आळही तसाच राहिला असता.

तसाच जुना आर्म मुंबईला मिळत होता. मी घेतला नाही. जो एकदा तुटला तोच परत बसवायचा, तर मी शिकले काय? श्रीरामपूरचे लेथवाले चांदभाई शेख यजमानांचे जुने मित्र. त्यांनी जाड पोलादाचे नवे आर्म केले, टोकाला, चाक ज्यावर वळते ते, जीपचे जड बॉल जॉइंट बसतील असे. पहिली जोडी मी घणाने ठोकून पाहिली, मोडली. दुसरी मोडली. चांदभाई म्हणाले, "भाभी, मी बनवायचं आनि तुमी तोडायचं, असं किती दिवस?" मी म्हणाले, "तुटायचं थांबंपर्यंत." तिसरी जोडी मोडली नाही. तीच आज गाडीखाली आहे.

तोवर अश्विनी आयटीआयला गेली होती. तिने गवंड्याकडून ओळंबा आणला, चाकाला लावला, मोटार एका बाजूने दाबली आणि मला दाखवले की वळणावर मोटार बाहेर कलते तेव्हा चाकही तिच्याबरोबर कलते, मग टायरची नुसती कड रस्त्याला लागते. वरचा आर्म जिथे बसतो ती भोके एक इंच खाली घेतली तर चाक उभे राहील, असे तिने पुस्तकात वाचले होते. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. ड्रिल हातात घेतले तेव्हा चांदभाई म्हणाले, "भाभी, एकदा भोक पाडलं की माघारी न्हाई." मी म्हणाले, "माघारी जायचंय कुनाला?" आणि चारही भोके मी पाडली.

पुढे जाड स्टॅबिलायझर बार घातला, म्हणजे मोटार कमी कलावी. ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले. दोन्ही स्प्रिंगा ज्यांत बसतात ते लोखंडी बुरूज आडवी पट्टी मारून एकमेकांना बांधले. हे सगळे दुसऱ्यांच्या गाड्यांची कामे करता करता केले, म्हणून नऊ वर्षे लागली. ५२ व्या वर्षी मी लायसन्स काढले. चांदभाई पूर्ण झालेली मोटार पाहून गेले, ही त्यांची पुण्याई म्हणावी की माझी, मला माहीत नाही.

कलम ७. जानेवारी २०१० मध्ये भर दुपारी मी ती मोटार भागवतभाऊंच्या गॅरेजसमोर उभी केली. चार गिऱ्हाइके होती, त्यांच्यासमोर दार उघडले.

"बसा."

"कुठं?"

"पाटापर्यंत."

माणसे बघत होती, त्यामुळे ते बसले. लोणी रस्त्याला लागल्यावर मी ऐंशीवर नेली. ते म्हणाले, "छबूबाई, हळू." मी हळू केली नाही. वळण आले. त्यांनी दोन्ही हात पुढे टेकवले आणि डोळे मिटले. मोटार तसूभर हलली नाही. रुळावरून गेल्यासारखी गेली. पूल ओलांडून मी थांबवली.

ते म्हणाले, "वेल्ड माझाच हुता."

"मला ठाऊक हाय. गावाला सांगा."

"न्हाई सांगता येनार. पोरांचं दुकान चालू हाय."

ते उतरले आणि चार किलोमीटर चालत घरी गेले. त्यानंतर पंधरा वर्षे महिन्यातून एकदा मी त्यांच्या दारावरून मोटार नेली आणि एकदा हॉर्न दिला. कोणाला हा खुनशीपणा वाटला असेल. होता.

कलम ८. सदर मोटार मी मुलगी अश्विनी हिला देत आहे. २०२३ साली अमृत पुण्याहून एक गृहस्थ घेऊन आला. जुन्या मोटारी जमवतात. त्यांनी रुमाल अंथरून खाली पाहिले आणि म्हणाले, "मावशी, ही भोकं कुणी पाडली?"

"मी."

"कंपनीचं सगळं बिघडवलंत. गाडीची किंमत मारली तुम्ही."

मी म्हणाले, "किंमत मारली, मानूस न्हाई मारला."

ते म्हणाले की वेल्डिंगने भोके बुजवून मोटार पहिल्यासारखी करता येईल. म्हणून अट लिहिते. ही चार भोके बुजवू नयेत, जुन्या तऱ्हेचे आर्म परत बसवू नयेत, मोटार काचेमागे शोभेला ठेवू नये. लिंबू-मिरची बांधू नये. तिला ग्रीस लागते. अश्विनीला पुढे विकाविशी वाटली तर विकावी, पण जो चालवील त्यालाच. आणि माझ्यापेक्षा चांगली सुधारणा तिला सुचली तर माझे काम खुशाल काढून टाकावे. नवे आर्म आधी घणाने ठोकून पाहावेत.

कलम ९. अमृतसाठी. बाळा, तू लोभाने गिऱ्हाईक आणले नाहीस हे मला माहीत आहे. त्या दुपारी पुलावर पहिला तू पोचलास, बापाला तू बाहेर काढलेस. त्यानंतर ही मोटार अंगणात उभी राहिली आणि तुझी खिडकी नेमकी तिच्यासमोर. तू एकदाच बोललास, "आई, तू तिला दुरुस्त करतीयेस, मला कोण करणार?" मी हाताने करता येते तेवढेच करत राहिले. तुला मोटार देत नाही ती शिक्षा म्हणून नव्हे. तू तिच्यात कधी बसला नाहीस, बसावे अशी अटही घालत नाही. घराची ती खिडकी बुजवायची असेल तर बुजव.

कलम १०. हे कलम आजच सकाळी लिहिले. वकीलसाहेब म्हणाले होते की पाचव्या कलमावरून निमसे दावा लावतील. मी म्हटले, मग त्यांनाच वाचू द्या. निरोप पाठवला. भागवतभाऊ काठी टेकत रस्ता ओलांडून आले. वय ७६. त्यांनी चष्मा लावून पाचवे, सहावे, सातवे कलम वाचले. सातवे दोनदा वाचले.

मग म्हणाले, "समदं खरं हाय. एक शब्द काढा."

पाचव्या कलमात मी आधी 'मुद्दाम' असा शब्द घातला होता. तुटका आर्म जोडून, रंग मारून मुद्दाम परत बसवलेला, असे.

ते म्हणाले, "नवा आर्म मुंबईहून यायला महिना हुता. मालक ऐकंना. म्हनलं, जोडून देतो, पन हळू चालवा. मालकाला सांगितलं. गहिनीनाथला सांगायचं राहिलं. त्यो समोरच हुता हो, रस्त्यापलीकडं. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती."

मी विचारले, "का न्हाई मारली?"

"त्यो हसला असता. म्हनला असता, भागवत, वेल्ड मारून आर्म बसवतो व्हय."

सव्वीस वर्षांनी मला कारण कळले. एवढेसे कारण. मला संताप आला आणि तो अजून आहे, कागदावर तसे नोंदवते. पण जे खरे नाही ते मी लिहिणार नाही, कारण खोटे लिहिलेल्या एका शब्दाने आमचे काय झाले हे मला माहीत आहे. पाचवे कलम मी पुन्हा लिहून काढले. 'मुद्दाम' काढला. बाकी एक अक्षर हलवले नाही. माफ केले असेही कोणी समजू नये.

माझ्या तेराव्याला हा कागद सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचावा, असे मी अश्विनीला सांगून ठेवले होते. ते भागवतभाऊंना सांगितले. ते म्हणाले,

"पोरीनं कशाला? मी वाचीन."

"तुमी?"

"तवर असलो तर."

"मग असा," मी म्हणाले.

तर या कलमाने माझी अट अशी की भागवत रंगनाथ निमसे यांनी माझ्याआधी मरू नये. त्यांना मी या मृत्युपत्रात काहीही दिलेले नाही, म्हणून त्यांची साक्ष कायद्याने चालते, असे वकीलसाहेब म्हणाले.

कलम ११. या कागदाप्रमाणे सगळे करून घेण्याचा अधिकार अश्विनीला. दोघा भावंडांत वाद झाल्यास कोर्टात जाण्याआधी त्यांनी एकदा गॅरेजमध्ये समोरासमोर बसावे.

वर लिहिलेले सर्व मी शुद्धीत, चष्मा लावून, पुन्हा वाचून पाहिले आहे. उद्या सोमवारी हा कागद नोंदवायला राहात्याला जायचे आहे. भागवतभाऊंनी विचारले, एस.टी.ने आलो तर चालेल का. चालणार नाही. मोटार मी चालवणार आहे आणि ते पुढे बसणार आहेत, डोळे उघडे ठेवून.

लिहून देणार:
छबूबाई गहिनीनाथ दहिफळे (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. जीशान चांदभाई शेख, लेथकाम, राहणार श्रीरामपूर (सही)

२. भागवत रंगनाथ निमसे, मोटार दुरुस्ती, राहणार कोल्हार (सही)
कलम पाच ते सात मी स्वतः वाचले. गहिनीनाथची चूक नव्हती.

ठिकाण: कोल्हार
दिनांक: १४ डिसेंबर २०२५